राबाची राख, नत्र आणि तरव्याचे मूळ



गोपाळगडाच्या पायथ्याशी, अंजनवेलच्या शिवारात काय किंवा साऱ्या कोकणपट्टीत काय, भाताची दाढ भाजायची रीत आपल्या वाडवडिलांची. खाली शेण, त्यावर तोडलेली कवळं, मग गवत-पातेरा आणि वरून मातीचा थर. वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावायची, म्हणजे दाढ सावकाश भाजते.

या राबावरून एकेकाळी मोठा वाद झाला. जंगलखाते म्हणे, झाडे छाटून नासाडी होते. शेतकरी म्हणे, राबाशिवाय तरवा कसा येणार? ठाणे-कुलाब्याकडच्या अशा तक्रारींसाठी १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. पुढे विलायतेहून आलेले रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. १९१२ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मान यांनी जोशी व कानिटकर यांच्यासह राबावर शास्त्रीय निबंधच प्रसिद्ध केला.

आता खरे कोडे बघा. शेण-पाल्यातले बहुतेक नत्र धुरावाटे उडून जाते. मग तरवा जोमाने कसा येतो? कारण, धगीने मातीत अडकलेले थोडे नत्र मोकळे होऊन रोपाला मिळते. राखेतून पालाश आणि चुना मिळतो. वरच्या थरातले तणाचे बी मरते, ते वेगळेच. म्हणजे आपले वाडवडील चुकले नव्हते. मात्र पाला जाळण्यात नत्राचा तोटा होतो, हेही तितकेच खरे.

१९६५ साली तुर्भ्याचा खत कारखाना सुरू झाला, आणि हळूहळू युरिया गावोगाव पोचला. एक किलो युरियात ४६० ग्रॅम नत्र असते. आणि इथेच गफलत होते. हिरवागार तरवा बघून आपण खूष होतो, पण मुळाकडे बघतो कोण?

गहू असो की भात, रोपाचा स्वभाव एकच. नत्र कमी पडले की रोप आपली ताकद मुळात घालते, पाने पिवळट राहतात. नत्र भरमसाट झाले की पाला माजतो आणि त्या मानाने मूळ तोकडे राहते. असे लुसलुशीत रोप लावणीत मान टाकते. विलायतेत १९७५ च्या सुमारास ड्र्यू या शास्त्रज्ञाने सातूच्या रोपांवर दाखवले, की मुळाच्या ज्या भागाला नत्र मिळते तिथेच बारीक मुळ्यांचे दाट जाळे होते. म्हणून खत एका जागी ढीग करून नको, दाढीच्या मातीत सारखे मिसळा.

तेव्हा यंदा एवढे करा. दाढीला कुजलेले शेणखत घाला. गिरिपुष्पाचा पाला न जाळता खाचरात चिखलणीला गाडा. युरिया मापून, बेताने द्या. मुसळधार सर येणार असेल तर थांबा, नाहीतर खत वाहून जाते. मात्रा गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाला विचारा.

आणि एक परीक्षा घरच्या घरी घ्या. दाढीचा हातभर तुकडा युरियाशिवाय ठेवा. लावणीआधी दोन्हीकडची दहा-दहा रोपे अलगद उपटा, पाण्यात मुळे धुवा, शेजारी-शेजारी ठेवा. पानाची उंची आणि मुळाचा झुबका ताडून बघा. कुणाचे ऐकायचे ते तुमची मुळेच सांगतील.