भोगवर्धनचे व्यापारी आणि सम्मा आजीव

जालना जिल्ह्यातील केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये येथे केलेल्या उत्खननात मणी, शंखाच्या बांगड्या आणि हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतील हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य विद्वानांनी दाखविले आहे.

सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत याच भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख येतो. एवढ्या दूर दान पोहोचविणारी श्रद्धा निःसंशय मोठी होती. मात्र लेख दात्याचे नाव व गाव सांगतात, धन कसे मिळविले ते सांगत नाहीत. आपले अभ्यासकही बहुधा दानापाशीच थांबतात. निकायांमध्ये अर्जनाचा प्रश्न दानाच्या आधी येतो.

अंगुत्तर निकायात उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत: शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. (अट्ठकथा यांतील ‘सत्तवणिज्जा’चा अर्थ मनुष्यविक्रय असा करते. हस्तिदंताचा उल्लेख यादीत नाही. हत्तीच्या मरणाचा प्रश्न तरीही उरतोच.) परंतु यादी पाळली म्हणजे सम्मा आजीव साधला, असे मानता येत नाही. कर्म म्हणजे चेतना, हा त्याच निकायाचा सिद्धान्त आहे. अनाथपिंडिक श्रेष्ठीला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: संपत्ती असण्याचे, ती भोगण्याचे, ऋणमुक्तीचे आणि निर्दोष आचरणाचे. पहिली तिन्ही चौथ्या अनवज्जसुखाच्या सोळाव्या हिश्शाचीही नाहीत. ‘भोगवर्धन’ या नावात फार तर पहिली दोनच मावतात!

चेतनेचा हा विचार सेरिववाणिज जातकात प्रत्यक्ष व्यवहारात दिसतो. एका दरिद्री आजी-नातीच्या घरी मळकट सोन्याची थाळी आहे. ती सोन्याची आहे हे त्यांना ठाऊक नाही. पहिला फेरीवाला सुईने रेघ ओढून सोने ओळखतो, अर्ध्या माषाचीही किंमत नाही म्हणून थाळी फेकतो, आणि पुढे ती फुकटात पडेल या हिशेबाने निघून जातो. दुसराही तेच सोने ओळखतो. ज्ञान दोघांचे सारखेच; एकाचे चित्त लोभाने व्यापलेले, दुसऱ्याचे नाही. दुसरा खरी किंमत एक लाख असल्याचे सांगतो आणि तेवढे आपल्यापाशी नाही, हेही सांगतो. आजी त्यालाच थाळी देते. तो जवळचे पाचशे कार्षापण व तेवढ्याच किमतीचा माल तिच्या स्वाधीन करतो. तराजू, पिशवी आणि आठ कार्षापण मात्र मागून घेतो. नदी ओलांडताना ते आठही तो नावाड्याला देतो.