पंख्याला रकाना नव्हता : नेटवर्क स्विचला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा इतिहास

१/ २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे कित्येक तास निरुपयोगी झाले. कोणी हल्ला केला नव्हता. एका यंत्राच्या स्मृतीतून बिट गळत होते, एवढेच. आजच्या इंटरनेटच्या या पूर्वजाची ती अवस्था का झाली, हे समजले की पुढच्या चार दशकांची खटपट समजते.

२/ आर्पानेटमधले प्रत्येक यंत्र आपल्या जोडण्यांची खबर एक क्रमांक घालून इतरांना धाडत असे. नवा क्रमांक आला की जुनी खबर बाद. त्या दिवशी ४४ या क्रमांकाची खबर निघाली. द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक बिट गळला की उरतात १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक गळला की ००१०००, म्हणजे ८. क्रमांक ६३ नंतर पुन्हा शून्यावर येत, घड्याळाच्या तबकडीसारखे. त्यामुळे ८ हा ४४ पेक्षा नवा ठरला, ४० हा ८ पेक्षा नवा आणि ४४ हा ४० पेक्षा नवा! तिन्ही खबरी एकमेकींना बाद करत फिरत राहिल्या आणि यंत्रांना दुसरे काही करायला सवडच उरली नाही.

३/ बी.बी.एन. या कंपनीतील एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये या घटनेची चिकित्सा प्रसिद्ध केली (आरएफसी ७८९). ती आजही वाचनीय आहे. आर्पानेटची ही यंत्रे एकाच कंपनीने घडवलेली होती, त्यामुळे तिचे नियंत्रण केंद्र त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलू शकत होते. ही सोय पुढच्या दशकात संपली. इंटरनेट वाढले, अनेक उत्पादकांची यंत्रे एकाच जाळ्यात आली आणि प्रत्येकाची बोली निराळी निघाली.

४/ १९८७ च्या सुमारास तोडगे तीन होते. डेव्हिन, केस, फेडॉर आणि शॉफस्टॉल यांचा साधा एसजीएमपी. पार्ट्रिज आणि ट्रेविट यांची अधिक ऐपतीची हेम्स ही योजना. आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा भव्य सीएमआयपी. एप्रिल १९८८ मध्ये व्हिंट सर्फ यांच्या नावाने निघालेल्या टिपणात (आरएफसी १०५२) निवाडा आला : तूर्त एसजीएमपीची सुधारित आवृत्ती वापरावी, पुढे सीएमआयपीकडे वळावे. एकमत व्हावे म्हणून हेम्सच्या कर्त्यांनी आपली योजना स्वतःहून मागे घेतली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असा समंजसपणा विरळाच. गंमत अशी, की ‘तूर्त’ म्हणून निवडलेली व्यवस्थाच टिकली आणि ‘पुढे’ कधी आलेच नाही.

५/ ऑगस्ट १९८८ मध्ये तीन दस्तऐवज निघाले. एकात एसएनएमपी हा प्रोटोकॉल, म्हणजे विचारायचे कसे. दुसऱ्यात मॅनेजमेंट इन्फर्मेशन बेस, म्हणजे एमआयबी, विचारायचे काय. तिसऱ्यात प्रश्न मांडण्याची रीत. ‘बेस’ या शब्दाने फसू नये. एमआयबी हे माहितीचे कोठार नव्हे, ती प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला एका वृक्षातला पत्ता असतो. १.३.६.१.२.१ ही प्रमाण प्रश्नांची फांदी. तिच्यावर पुढे जात १.३.६.१.२.१.२.२.१.१४ या पत्त्यावर विचारले, की अमुक पोर्टवर किती सदोष पाकिटे आली ते स्विच सांगतो. पत्त्यावर नसलेला प्रश्न विचारता येत नाही.

६/ आता कळीचा मुद्दा. मॅक्लॉघ्री आणि रोझ यांच्या पहिल्या एमआयबीने प्रश्नांची संख्या जाणूनबुजून शंभराच्या आसपास ठेवली. यादी लांबली, तर उत्पादक ती पुरी करणार नाहीत, ही रास्त भीती होती. हे प्रश्न आठ गटांत विभागले होते : यंत्राची ओळख, जोडण्या, पत्ते आणि निरनिराळे प्रोटोकॉल. सगळे संदेशांविषयीचे. पंखा फिरतो का, आत उष्णता किती, वीजपुरवठ्याचा दुसरा संच जिवंत आहे का, यांपैकी एकही प्रश्न नव्हता. १९९१ च्या दुसऱ्या एमआयबीतही नव्हता.

७/ जमाबंदीच्या कागदांत ज्या गोष्टीला रकाना नाही ती पुढच्या संशोधकाला दिसत नाही, हे दफ्तरात बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. येथे तसेच झाले. पंखा बंद पडलेला स्विच विचारल्यावर ‘सर्व पोर्ट चालू’ असेच सांगणार. ते खरेही असते, यंत्र तापून बंद पडेपर्यंत. नंतर उत्तर येत नाही आणि ते न येणे हीच पहिली बातमी ठरते.

८/ याच सुमारास स्विच हे यंत्रही जन्मले. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांच्या ‘कल्पना’ या कंपनीने १९९० च्या सुमारास सात पोर्टांचा इथरस्विच बाजारात आणला. मराठी वाचकाला त्या नावाचा अर्थ सांगायला नकोच. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. पुढे एकाच पेटीत अनेक पत्रे, अनेक पंखे, दोन-दोन वीजसंच आले. बिघडण्याजोग्या वस्तू वाढल्या.

९/ वेगही वाढला. ३२ बिटांचा मापक ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. दर सेकंदाला १ कोटी बिटांच्या जोडणीवर बाइट मोजताना त्याला सुमारे ५७ मिनिटे लागत. १ अब्ज बिटांच्या जोडणीवर अवघी ३४ सेकंदे. दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला आपण किती फेऱ्या हुकलो हेच कळेना. यावर ६४ बिटांचे मापक आले.

१०/ पंख्याचे काय? वृक्षात १.३.६.१.४.१ ही खासगी फांदी होती. तेथे कोणत्याही उत्पादकाला आपले प्रश्न लावता येत. सिस्कोचा क्रमांक ९. सिस्कोने पंखा, तापमान, विद्युतदाब यांचे रकाने तेथे केले, इतरांनी आपापले. पोकळी भरली, पण १९८० च्या दशकातला बोलींचा गोंधळ मागल्या दाराने परत आला. दोन कंपन्यांचे स्विच सांभाळणाऱ्याला पंख्याविषयीचा एकच प्रश्न दोन पत्त्यांवर विचारावा लागे आणि उत्तरांचे अर्थही वेगळे लावावे लागत.

११/ ऑक्टोबर १९९६ मध्ये ‘एंटिटी एमआयबी’ आली (आरएफसी २०३७). पेटी, पत्रा, वीजसंच, पंखा, पोर्ट यांना प्रथमच प्रमाण नावे मिळाली. कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या आत आहे, हेही नोंदता येऊ लागले. रिकामी खाचसुद्धा एक वस्तू म्हणून गणली जाई! सेन्सर हाही एक वर्ग होता. पण सेन्सर आहे एवढेच सांगता येई; त्याचे माप सांगायला रकाना नव्हता.

१२/ तो रकाना डिसेंबर २००२ मध्ये मिळाला (आरएफसी ३४३३). म्हणजे पहिल्या एमआयबीनंतर चौदा वर्षांनी. त्यात मापाचा प्रकार, पट, दशांश आणि मूल्य असे तपशील आहेत. ४३.५ अंश तापमान ४३५ या पूर्णांकाने, एक दशांश स्थळ आहे असे सांगून, कळवले जाते. सेन्सर स्वतःच बिघडला असेल, तर तेही कळते; गळक्या बिटांचा इतिहास पाहता ही तरतूद शहाणपणाची.

१३/ मार्च २०१८ मध्ये हीच प्रश्नावली यांग या नव्या भाषेत लिहिली गेली (आरएफसी ८३४८). वर्ग बहुतांशी तेच, सेन्सरचे रकानेही जवळजवळ तेच. किती अंशांवर धोका मानायचा, याला मात्र त्या रकान्यांत २००२ मध्येही जागा नव्हती आणि २०१८ मध्येही नाही. ती मर्यादा उत्पादक आजही आपापल्या खासगी फांदीवर ठेवतात.