बालवीर चळवळ : बंद दार आणि खुले मैदान



शाळेतील 'खरी कमाई' हा उपक्रम आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणी मूल सोमवारच्या बाजारात भाजी विकते, कोणी शेजाऱ्याचे अंगण झाडून देते आणि श्रमाचे चार पैसे गुरुजींच्या हाती आणून ठेवते. परंतु हा उपक्रम ज्या बालवीर व वीरबाला, म्हणजेच स्काऊट-गाईड चळवळीतून आपल्याकडे आला, तिचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. तो माहीत करून घेणे अगत्याचे आहे. कारण या चळवळीचे दार एके काळी आपल्या मुलांना बंद होते.

या चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल (1857-1941) हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे हिंदुस्थानात गेली. मीरत येथे एका घोडदळ पलटणीचे प्रमुख असताना त्यांनी आपल्या शिपायांना टेहळणीचे खास शिक्षण दिले. माग काढणे, नकाशा वाचणे, अनोळखी मुलुखात स्वतःच्या बुद्धीने वाट शोधणे, अशा गोष्टी त्यात होत्या. या विषयावरील त्यांचे पुस्तक 1899 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग या गावाला बोअर सैन्याचा वेढा पडला आणि तो 217 दिवस चालला. गावातील मुलांच्या एका पथकाने त्या काळात निरोप पोचविण्याचे काम चोख केले. विश्वासाने जबाबदारी सोपविली म्हणजे मूल ती पेलते, हा धडा बेडन-पॉवेल यांनी तेथे घेतला. अमेरिकेत अर्नेस्ट थॉम्पसन सेटन हेही 1902 पासून मुलांना रानातील जीवनाचे शिक्षण देत होते; त्यांच्या कार्याचाही पुढे उपयोग झाला.

1907 च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरले. मुले सुमारे वीसच. पण ती निवडण्यात मोठा विचार होता. काही मुले श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील, तर काही कामकरी कुटुंबांतील. इंग्लंडच्या त्या काळच्या समाजात ही मुले सहसा एकत्र खेळलीही नसती. येथे ती एकाच तंबूत झोपली, एकाच शेकोटीभोवती बसली. छोटे छोटे संघ पाडले गेले आणि प्रत्येक संघाचा नायक मुलांपैकीच एक होता. पुढच्याच वर्षी, 1908 मध्ये, बेडन-पॉवेल यांचे मुलांसाठीचे पुस्तक निघाले आणि गावोगावची मुले आपण होऊन पथके स्थापू लागली.

मुलीही मागे राहिल्या नाहीत. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे स्काऊटांचा मोठा मेळावा भरला. त्यात काही मुली निमंत्रणाशिवाय येऊन दाखल झाल्या व 'आम्हालाही घ्या' असा आग्रह त्यांनी धरला. त्यातूनच 1910 मध्ये गाईड चळवळ उभी राहिली.

आता आपल्या देशाकडे वळू. 1909 मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थानातील पहिले पथक निघाले. लवकरच मुंबई, जबलपूर, तसेच आपल्या पुणे जिल्ह्यातील खडकी व लोणावळा येथेही पथके सुरू झाली. पण ती केवळ युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. हिंदी मुलाला, मग तो जुन्नरचा असो की पुण्याचा, त्यात प्रवेश नव्हता. असे शिक्षण मिळालेली मुले उद्या सरकारलाच भारी पडतील, ही भीती त्यामागे होती. बंधुभाव शिकविणारी चळवळ आपल्या जिल्ह्यात आली ती अशी दाराला कडी लावूनच.

ही कडी आपल्याच माणसांनी काढली. श्रीराम वाजपेयी यांनी 1913 मध्ये शाहजहानपूर येथे हिंदी मुलांचे पथक काढले. मध्य प्रांतात विवियन बोस यांनी तेच कार्य हाती घेतले. 1916 मध्ये डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रासेत स्वतंत्र संघटना स्थापिली. पुढे पं. मदनमोहन मालवीय व पं. हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. 1921 मध्ये बेडन-पॉवेल स्वतः हिंदुस्थानात आले आणि यांपैकी काही संघटना मूळ संघटनेत सामील झाल्या. परंतु 1937 मध्ये भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी केलेल्या अवमानकारक विधानांनी येथे संताप उसळला व 1938 मध्ये हिंदुस्थान स्काऊट संघटना निराळी निघाली. या लोकांनी मूळ तत्त्वे टाकली नाहीत. ती तत्त्वे सांगणाऱ्याचा अहंकार तेवढा नाकारला.

स्वातंत्र्यानंतर ही फूट सांधण्यात पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचा पुढाकार होता. 7 नोव्हेंबर 1950 रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एकच संघटना झाली आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी गाईड संघटनाही तीत विलीन झाली.

बालवीराच्या वचनाचे तीन भाग आहेत : परमेश्वर व देश यांविषयीचे कर्तव्य, दुसऱ्यास मदत आणि स्काऊटच्या नियमांचे पालन. परमेश्वराची उपासना प्रत्येकाने आपापल्या धर्माप्रमाणे करावी, अशी मुभा त्यात आहे. आपल्या घरांतून हलाल कमाई, खिदमत आणि पाकी यांचे जे संस्कार होतात, त्यांच्याशी हे वचन सहज जुळते. नमाजच्या सफेत धनिक व मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. ब्राउनसीच्या तंबूतही तोच समभाव होता. जगातील सर्वांत मोठी स्काऊट संघटना आज मुस्लिमबहुल इंडोनेशियात आहे. हजच्या काळात वाट चुकलेल्या हाजींना त्यांच्या मुक्कामी पोचविण्याचे काम सौदी अरेबियातील स्काऊट करतात.

असे असता, शिबिराची चिठ्ठी घरी आली की काही पालक कचरतात. मुलगी असेल तर विशेषच. काळजी रास्त आहे. आपल्या भागात बिबट्याचा वावर असल्याने रात्रीचा मुक्काम कोठे आहे, सोबत शिक्षिका कोण आहेत, हे पालकांनी अवश्य विचारावे. गाईडच्या गणवेशात सलवार-कमीजचीही सोय आहे. शंका विचाराव्यात, समाधान करून घ्यावे. पण केवळ संकोचापायी नकार देऊ नये. प्रथमोपचार, दोरीच्या गाठी, नकाशा, शिस्त या गोष्टी तर मुले शिकतीलच. शिवाय इतर समाजांच्या मुलांबरोबर एका पंगतीत बसून जी ओळख होते, ती पुस्तकातून होत नाही.

शंभर वर्षांपूर्वी दार बाहेरून बंद होते, ते मोठ्या कष्टाने उघडले गेले. आता आपणच ते आतून लावून घेऊ नये, एवढीच सर्व पालकांना नम्र विनंती.