टिळक दांपत्याच्या आनंदाचे मूळ

धर्मांतराचा इतिहास लिहिताना आपल्याकडे वादविवादांचीच नोंद अधिक होते. धर्मांतर करणाऱ्याच्या अंतरी आनंद नांदला की नाही, याची विचारपूस क्वचितच होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांच्या चरित्रांत ती करण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते.

टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी सोबत नव्हती. हा आनंद प्रथम एकट्याचाच होता आणि त्याचे मोल लक्ष्मीबाईंनी विरहाने व लोकापवादाने भरले. हे सत्य झाकणे उचित नव्हे. त्यांच्या माहेरी, नाशकाजवळील जलालपुरास, वडिलांच्या सोवळ्यापायी मीठसुद्धा धुवून घेत. अशा घरची ही बाई पतीकडे परतल्यावरही आपले सोवळे सांभाळून राहिली. टिळकांनी सक्ती केली नाही. पुढे, उच्चनीच भेद देवाने नव्हे, माणसाने निर्मिले, या निर्णयास त्या स्वतःच्या विचाराने आल्या. आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

यानंतर त्या घराचे दार मोकळे झाले. ज्या हातांना परक्याचा स्पर्श सोसवत नसे, ते अनाथ मुलांना जेवू घालू लागले. कृतज्ञता ही केवळ प्रार्थनेतील शब्द न राहता तिला ताटवाटीचे रूप आले. आनंद टिकाऊ होतो तो येथे, असे आमचे मत आहे.

टिळकांना मात्र मंडळीच्या भिंतीही अपुऱ्या वाटल्या. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. म्हणूनच त्यांची भक्ती अभंगांतून व कीर्तनांतून बोलली. १९१७ साली संन्यास घेऊन त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोघांनाही तेथे बंधुत्वाची जागा होती. १९१९ साली टिळक निवर्तले आणि तो संकल्प अपुरा राहिला.

तथापि आनंदाची खरी परीक्षा वियोगानंतरच होते. लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण लाभले नव्हते. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत दारिद्र्य आहे, अपमान आहे, पतीचा तऱ्हेवाईकपणाही आहे; परंतु कडवटपणा शोधू जाता हाती हसूच लागते. ज्यांनी दुखविले, त्यांनाही त्या हसतमुखाने आपल्या पंक्तीस बसवितात. श्रद्धेने दुःख टळले नाही. दुःखावर मनाचे दार लावून घेण्याची गरज मात्र उरली नाही. हाच त्या दांपत्याचा ठेवा होय, आणि त्याचा वारसा सांगण्यास धर्माची अट नाही.