मधोमध एक बंकर : आखूड होल आणि निवडीचा इतिहास

गोल्फच्या मैदानांची चर्चा बहुधा लांबीभोवती फिरते. मैदान किती यार्डांचे, फटका किती दूर गेला, यांतच आपले कुतूहल संपते. या खेळाच्या रचनाविचारातील एक मोठे स्थित्यंतर मात्र घडले ते एका आखूड होलवर, आणि तेही फेअरवेच्या मधोमध खणलेल्या बंकरमुळे.

पार-चार होल म्हणजे निष्णात खेळाडूने चार फटक्यांत पुरा करावयाचा होल : दोन फटक्यांत ग्रीन गाठायचे आणि दोन हलक्या फटक्यांत चेंडू खळीत घालायचा. त्यांतील आखूड होल साडेतीनशे यार्डांच्या आसपासचे. तेथे ताकदीचा कस फारसा लागत नाही. म्हणून विचाराचाही कस लागला नाही, तर तो होल निव्वळ औपचारिकता होऊन बसतो.

इंग्लंडमधील वोकिंग येथील चौथा होल या जातीचा. त्याच्या उजव्या अंगाने लोहमार्ग जातो. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी जॉन लो आणि स्टुअर्ट पेटन यांनी या होलच्या फेअरवेवर, सरळ आणि चांगला फटका जेथे पडावा नेमक्या त्या जागी, बंकर घातला. सभासद संतापले. त्यांचा संताप समजण्याजोगा होता. तत्कालीन समजुतीनुसार बंकर हा चुकलेल्या फटक्याला द्यावयाचा दंड होता. येथे तर चांगल्या फटक्यालाच शिक्षा होत होती!

लो यांच्यासमोर आदर्श होता तो स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाचा. तेथील सोळाव्या होलवरही फेअरवेमध्ये बंकरांचा पुंजका आहे आणि उजवीकडे पूर्वी रेल्वे होती. बंकर आणि रेल्वे यांमधल्या अरुंद पट्ट्यात चेंडू टाकण्याचे धाडस केले, तर पुढच्या फटक्याला चांगला कोन मिळे. डावीकडची वाट सुरक्षित, पण तिची किंमत दुसऱ्या फटक्यात चुकवावी लागे. लो आणि पेटन यांनी वोकिंगला हेच आणले. बंकर आता शिक्षा करीत नव्हता, प्रश्न विचारीत होता. लो यांनी १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कन्सर्निंग गोल्फ’ या पुस्तकात या विचाराची मांडणी केली. त्या बंकरवरून तावातावाने भांडणाऱ्यांचे ऐकून टॉम सिम्प्सन हा गृहस्थ स्वतः तो पाहावयास गेला, लो यांच्या बाजूचा झाला आणि पुढे नामांकित रचनाकार म्हणून ओळखला गेला.

मग हा विचार हरवला कसा? एखादा मोठा सिद्धान्त त्याला कारणीभूत झाला नाही. १९५१ साली अमेरिकेतील ओकलंड हिल्स येथील राष्ट्रीय स्पर्धेसाठी रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी फेअरवे दोन्ही बाजूंनी आवळले, आणि अरुंदपणा म्हणजेच कठीणपणा हे समीकरण रूढ झाले. पुढच्या दशकांत अनेक मैदानांवर झाडे लावली गेली, रफ वाढविले गेले. लांब होलला हे कसेबसे सोसते. आखूड होलला सोसत नाही. वाट एकच उरली की प्रत्येक जण तोच बेताचा फटका त्याच जागी मारतो. होल कठीण झालाही असेल, पण तो मुका झाला.

एकविसाव्या शतकात या चुकीचे परिमार्जन सुरू झाले. अमेरिकेतील पाइनहर्स्टचे दुसऱ्या क्रमांकाचे मैदान ही डोनाल्ड रॉस यांची कृती. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी २०१० व २०११ या काळात त्याची पुनर्रचना केली. १९४३ ची हवाई छायाचित्रे आणि जुन्या पाणीपुरवठ्याच्या नळांची रेषा यांवरून मूळ फेअरवेंचा माग काढला गेला. सुमारे ३५ एकर हिरवळ काढून तेथे वाळू आणि रानगवत परत आणले. फेअरवे रुंद झाले. तिसऱ्या आणि तेराव्या या तुलनेने आखूड पार-चार होलवर कोणत्या अंगाने ग्रीन गाठावे, हा प्रश्न खेळाडूसमोर पुन्हा उभा राहिला. २०१४ साली पुरुषांची व स्त्रियांची अमेरिकी खुली स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत येथेच झाली.

रुंदी म्हणजे सोपेपणा, हा आक्षेप अजूनही घेतला जातो. त्याला उत्तर म्हणून लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा मैदानाचा दहावा होल पाहावा. जॉर्ज थॉमस यांच्या या १९२७ सालच्या मैदानावरील हा होल जेमतेम ३१५ यार्डांचा. तेथे जागा भरपूर, पण ग्रीन चिंचोळे आणि तिरके. डावीकडून त्याची लांबी उपयोगी पडते. उजवीकडून बंकरवरून येणाऱ्या चेंडूला टेकायला जागाच नाही. जगातील उत्तमोत्तम खेळाडू तेथे आजही टीवर उभे राहून विचार करताना दिसतात.

साहित्याच्या अभ्यासकाला हा वाद परका वाटू नये. वाचकाला एकाच अर्थाकडे हाकत नेणारी संहिता आणि त्याला वाट निवडू देणारी संहिता, यांतला फरक आपण जाणतो. दुसऱ्या प्रकारची संहिता सोपी नसते. तिथे चुकलो, तर दोष लेखकावर ढकलता येत नाही. वोकिंगच्या सभासदांना त्या बंकरने दिलेली खरी अडचण बहुधा हीच होती : निवड त्यांची होती, म्हणून चूकही त्यांचीच.