सात लघु, एक गुरु

समुद्रावरील प्रवासी जहाजाचा भोंगा सात वेळां आखूड आणि आठव्या वेळीं लांब वाजला, म्हणजे त्याचा अर्थ सर्व राष्ट्रांत एकच होतो. छंदःशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर सात लघु आणि एक गुरु. गण पाडावयाचे झाल्यास न, न, ल, ग. लघु सातांहून अधिक झाले तरी दोष मानीत नाहींत, परंतु शेवटचा गुरु चुकतां कामा नये. भोंग्याबरोबर जहाजाच्या पोटांतल्या विजेच्या घंटाही याच मात्रांनीं वाजतात. ही ओळ कानीं पडल्यावर काय करावयाचें, हें सुटी घालविण्यासाठीं जहाजावर निघालेल्या किती कुटुंबांस ठाऊक असतें? आम्हीं ओळखीच्या चारसहा मंडळींना विचारून पाहिलें. बहुतेकांनीं "होडींत जाऊन बसावयाचें" असें उत्तर दिलें. एक गृहस्थ म्हणाले, "प्रथम खोलींतून पासपोर्ट काढून घ्यावयाचे." एका बाईंनीं मात्र क्षणाचाही विचार न करतां सांगितलें, "आधीं मुलें शोधायचीं!" तिन्ही उत्तरें चुकीचीं आहेत, आणि त्यांतलें जें सर्वांत स्वाभाविक, तेंच सर्वांत घातक आहे.

या इशाऱ्याचा अर्थ 'जहाज सोडा' असा नसून 'हजेरीला या' असा आहे. 'मस्टर' हा शब्द आपल्या कचेऱ्यांतून हजेरीच्या वहीसाठीं फार दिवसांपासून रूढ आहे. जहाजावरील 'मस्टर स्टेशन' म्हणजे त्याच अर्थानें हजेरीची जागा. प्रत्येक प्रवाशाची ही जागा ठरलेली असते, आणि ती खोलीच्या दारामागें व बहुधा प्रवाशाच्या कार्डावरही छापलेली असते. तेथें माणसें मोजलीं जातात, जीवरक्षक जाकिटें चढविलीं जातात. जहाज सोडावयाचें कीं नाहीं हें कप्तान ठरवितो, आणि ती आज्ञा वेगळी दिली जाते. इशारा आणि आज्ञा यांच्यामध्यें कांहीं काळ जातो. कुटुंबाचें बरेंवाईट पुष्कळदां याच काळांत, आणि कधीं कधीं त्याच्याही आधीं, ठरून गेलेलें असतें.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं ११ वाजून ४० मिनिटांनीं टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळलें, तेव्हां असा कोणताही सार्वत्रिक इशारा झाला नाहीं. एकाच वेळीं सर्वांना ऐकूं जाईल अशी घंटा वाजली नाहीं. ध्वनिक्षेपक त्या काळीं नव्हते. नोकर एकेक दार ठोठावीत गेले. पहिल्या वर्गाच्या नोकराकडे थोड्याच खोल्या असत. तिसऱ्या वर्गाच्या नोकराकडे कितीतरी अधिक. त्यामुळें वार्ता कोणाला केव्हां व कोणत्या शब्दांत कळली, हें तिकिटाच्या किंमतीवर अवलंबून राहिलें. ज्यांना कळली त्यांनाही ती खरी वाटली नाहीं. आंत दिवे लखलखत होते, ऊब होती, वाद्यें वाजत होतीं. बाहेर हाडें गोठविणारी थंडी, काळोख, आणि त्या काळोखावर लोंबकळणारी एक लांकडी होडी. आईनें तान्ह्या मुलाला घेऊन कोणावर विश्वास ठेवावा? पासष्ट माणसांची पहिली होडी सुमारें अठ्ठावीस माणसें घेऊन खालीं गेली. चाळिसांसाठीं बांधलेल्या एका होडींत अवघीं बारा माणसें होतीं.

स्त्रिया व मुलें यांना होड्यांत बसवा, अशी कप्तान स्मिथची आज्ञा होती. डाव्या बाजूस लाइटोलर हा अधिकारी होता. त्यानें तिचा अर्थ 'फक्त स्त्रिया व मुलें' असा केला. उजव्या बाजूस मर्डोक होता. त्यानें 'आधीं स्त्रिया व मुलें' असा केला, आणि जवळ स्त्रिया नसतील तर पुरुषांनाही बसूं दिलें. 'फक्त' आणि 'आधीं' या दोन अव्ययांमधील अंतर व्याकरणाच्या पुस्तकांत क्षुल्लक दिसतें. त्या रात्रीं त्यानें कित्येक संसारांचा निकाल लावला. जॉन जेकब ॲस्टर या धनाढ्य गृहस्थानें आपल्या गर्भवती पत्नीजवळ बसूं देण्याविषयीं विचारलें, पण तो डाव्या बाजूस उभा होता. लाइटोलरनें नकार दिला.

माँट्रिअलच्या एका श्रीमंत कुटुंबाची हकीकत आमच्या मनांतून जात नाहीं. आईबाप, दोन वर्षांची मुलगी, आणि वर्षाच्या आंतलें एक तान्हें मूल. गडबडींत दाई तान्ह्याला उचलून वर गेली व एका होडींत बसली. मूल कोठें आहे हें आईबापांस कळलें नाहीं, व त्याला टाकून जाणें त्यांच्यानें होईना, असें त्या वेळच्या वृत्तांतांवरून मानलें जातें. बाप, आई आणि ती लहानगी तिघेंही बुडालीं. पहिल्या वर्गांतील मुलांपैकीं बुडालेली ती एकटीच. जिच्याविषयीं घोर लागला असावा ती वस्तु, तें तान्हें, होडींत सुखरूप होतें. तिसऱ्या वर्गाची गोष्ट निराळी. तेथें शोधाशोध करण्याइतकाही अवसर थोड्यांना मिळाला. ब्रिटिश चौकशीच्या अहवालाप्रमाणें त्या वर्गांतील ७९ मुलांपैकीं २७ वांचलीं.

'स्त्रिया व मुलें आधीं' हा समुद्राचा कायदाच आहे अशी आपल्याकडे समजूत दिसते. तो कायदा नाहीं, आणि पूर्वींही नव्हता. १८५२ सालीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाजवळ 'बर्कनहेड' हें लष्करी जहाज फुटलें, तेव्हां सैनिक रांगेंत उभे राहिले व जहाजावरील स्त्रिया-मुलांना होडींतून जाऊं दिलें. त्या प्रसंगाची कीर्ति झाली आणि कीर्तीचा नियम बनला. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं १८५२ ते २०११ या काळांतील अठरा दुर्घटनांचे आंकडे तपासून २०१२ मध्यें दाखविलें कीं, टायटॅनिक हा अपवाद होय. एकंदरीनें पुरुषांपेक्षां स्त्रिया कमी वांचल्या, मुलें त्याहून कमी, आणि जहाजाचे नोकरचाकर प्रवाशांपेक्षां अधिक वांचले. शौर्यकथांची आम्हांस गोडी आहे. पण कुटुंबानें आपला भरंवसा शौर्यकथेवर ठेवूं नये.

टायटॅनिकच्या बुडण्यांतून जानेवारी १९१४ मध्यें लंडन येथें तेरा राष्ट्रांचा करार झाला. प्रत्येक माणसाला होडींत जागा, कवायत, बिनतारी यंत्रावर अहोरात्र पहारा, असे नियम त्यांत होते. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि करार अंमलांत आलाच नाहीं. पुढें १९२९, १९४८, १९६० व १९७४ असे नवे करार होत गेले. आज चालतो तो १९७४ चा, वेळोवेळीं दुरुस्त केलेला. होड्या वाढल्या आणि घंटाही बसल्या. पण घंटा बसविणें आणि ती वेळेवर वाजविणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. डिसेंबर १९६३ मध्यें नाताळच्या सफरीवर निघालेल्या 'लाकोनिया' या ग्रीक जहाजाला मदीराजवळ आग लागली. प्रवासी नृत्यगृहांत होते. घंटा इतकी मंद वाजली कीं बहुतेकांना ती ऐकूंच आली नाहीं. एकशें अठ्ठावीस माणसें गेलीं. ऑगस्ट १९९१ मध्यें दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ 'ओशियानोस' बुडूं लागलें, तेव्हां घंटा वाजलीच नाहीं. प्रवाशांची करमणूक करण्यासाठीं ठेवलेल्या गायक-वादकांनींच धीर धरून बिनतारी यंत्रावरून मदत मागितली. त्या जहाजावरील ५७१ माणसांपैकीं एकही दगावलें नाहीं, हें त्यांचें व विमानदळाच्या वैमानिकांचें पुण्य.

आमच्या वाचकांस येथें 'रामदास' बोटीची आठवण होईल. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ लाटेनें कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. कोंकणांतील कित्येक घरांत तो दिवस अजून पाळला जातो. तेथें सर्व कांहीं मिनिटांत आटोपलें. कोणताही इशारा तेथें उपयोगी पडता ना. जेथें वेळ मिळाला आणि तो फुकट गेला, अशा दुर्घटनांचा विचार मात्र आपल्या हातचा आहे. आणि त्यांत १३ जानेवारी २०१२ ची रात्र अग्रभागीं येते.

'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हें पर्यटनाचें जहाज त्या संध्याकाळीं रोमजवळच्या चिव्हिताव्हेक्किया बंदरांतून निघालें. जहाजावर ४,२२९ माणसें होतीं. जिल्यो बेटाच्या फार जवळून जाण्याच्या हौसेंत ९ वाजून ४५ मिनिटांनीं तें खडकावर घासलें व त्याची कूस लांबवर फाटली. प्रवासी जेवणघरांत होते. ताटल्या घरंगळल्या, दिवे गेले. ध्वनिक्षेपकावरून सांगण्यांत आलें कीं विजेचा बिघाड आहे, काळजीचें कारण नाहीं. कांहींना खोल्यांत परत जाण्यासही सांगितलें गेलें. या वेळीं एक विलक्षण गोष्ट घडली. एका प्रवासी बाईनें टेलिफोनवरून आपल्या मुलीला प्रातो शहरीं कळविलें कीं छत कोसळलें, जाकिटें घालावयास सांगितलीं आहेत. मुलीनें पोलिसांना कळविलें, पोलिसांनीं लिव्होर्नोच्या किनारारक्षकांना, आणि त्यांनीं जहाजाला विचारलें. तर जहाजानें त्यांनाही विजेच्या बिघाडाचेंच उत्तर दिलें. कित्येक कोसांवरच्या घरांत बसलेल्या मुलीला जें कळलें, तें जहाजावरील हजारों माणसांना अधिकृतपणें कळावयास १० वाजून ३३ मिनिटें व्हावीं लागलीं. तेव्हां कोठें ते सात लघु व एक गुरु वाजले. मध्यें अठ्ठेचाळीस मिनिटें गेलीं होतीं. जहाज सोडण्याची आज्ञा आणखी सुमारें वीस मिनिटांनीं झाली. तोंवर जहाज इतकें कललें होतें कीं वर आलेल्या बाजूच्या कित्येक होड्या खालीं सोडतां येईनात.

त्या दिवशीं चढलेल्या सुमारें सातशें प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. ती दुसऱ्या दिवसावर ठेवली होती. यांत नियमभंग नव्हता. चोवीस तासांच्या आंत कवायत घ्यावी एवढाच तेव्हांचा नियम होता, आणि समुद्रानें चोवीस तास थांबण्याचें कबूल केलेलें नव्हतें. बत्तीस माणसें मेलीं. त्यांत पांच वर्षांची एक मुलगी व तिचा बाप होता. मुंबईकडचा एक वाढपीही होता. त्याचा मृतदेह सर्वांच्या शेवटीं, नोव्हेंबर २०१४ मध्यें, जिनोव्हास नेलेल्या त्या सांगाड्यांत सांपडला. आपलें जाकीट त्यानें दुसऱ्याला दिलें असें त्याचे सोबती सांगत. कप्तानास २०१५ मध्यें सोळा वर्षांची शिक्षा झाली.

आतां त्या बाईंच्या उत्तराकडे वळूं. मूल खेळघरांत, बाप पोहण्याच्या तलावाकडे, आई जेवणघरांत, आणि जहाज दहाबारा मजल्यांचें. तिघेंही परस्परांस शोधूं लागलीं तर तिघेंही चालतीं राहणार, आणि जिन्यांवर एकमेकांना चुकवीत जाणार. हजेरीची जागा नेमली आहे ती नेमकी यासाठीं. कुटुंबांतील प्रत्येकानें, जेथें असेल तेथून, जिन्यानें, थेट त्या एकाच जागीं यावें. भेट तेथेंच होते. लहान मुलाचें काय? कांहीं कंपन्यांचे सेवक मुलांना आईबापांच्या जागीं आणून पोंचवितात, मुलाच्या मनगटावर त्या जागेचें अक्षर बांधून ठेवतात. कांहीं ठिकाणीं पालकांनींच मुलाला न्यावें असा नियम असतो. आपल्या जहाजावर यांपैकीं काय आहे, हें मुलाला खेळघरांत सोडतांना विचारून ठेवलें म्हणजे पुढचा घोर वांचतो. दोघेंही पालक मुलाकडे धांवले तर जागेवर कोणीच राहत नाहीं. कोणी आणावयाचें आणि कोणी उभें राहावयाचें हें नवराबायकोनें आधीं ठरवावें. मुलांचीं जाकिटें निराळ्या मापाचीं असतात, तान्ह्यांचीं त्याहून निराळीं. तीं खोलींत आहेत कीं हजेरीच्या जागीं, हेंही पहिल्याच दिवशीं पाहावें. इशाऱ्याच्या वेळीं खोलींतच असलां तर उबदार कपडे, पायांत जोडे आणि रोजचीं औषधें एवढें घेऊन निघावें. बाहेर असलां तर पासपोर्टासाठीं परत फिरूं नये. पासपोर्ट पुन्हा मिळतो.

इशारा होण्याची वाट पाहावी कीं पाहूं नये? येथें आमचें मत स्पष्ट आहे. जमीन कलती झाली, धूर दिसला, दिवे गेले, आणि तरीही 'कांहीं नाहीं' असें कानीं आलें, तर भांडत बसूं नये आणि होडीकडेही धांवूं नये. मुलांना घेऊन शांतपणें हजेरीच्या जागीं जाऊन उभें राहावें. फुकट उभें राहावें लागलें तर पाय दुखतील, एवढेंच.

कॉन्कॉर्डियानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून कवायत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घ्यावी लागते. पण २०२० च्या साथीनंतर कित्येक जहाजांवर तिचें रूप पालटलें आहे. सर्वांनीं एकत्र उभें राहण्याऐवजीं प्रत्येकानें टेलिफोनच्या पडद्यावर चित्रफीत पाहावी, आणि मग सवडीनें आपल्या जागीं जाऊन हजेरी लावून यावें. सोय मोठी आहे. परंतु बापानें चित्रफीत पाहिली म्हणजे मुलीचे पाय वाट शिकत नाहींत. लिफ्टनें जाऊन हजेरी लावून येणाऱ्यांना जिना कोठें आहे हें कळतच नाहीं, आणि इशाऱ्याच्या वेळीं तर लिफ्ट वापरावयाचीच नसते. म्हणून ही फेरी सर्व कुटुंबानें मिळून, जिन्यानें करावी.

आमच्या त्या परिचित बाई मागच्या हिवाळ्यांत सहकुटुंब मुंबईहून गोव्याच्या सफरीला जाऊन आल्या. परत आल्यावर भेटल्या तेव्हां आम्हीं फेरीविषयीं विचारलें. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीनें खोलीपासून हजेरीच्या जागेपर्यंत अठ्ठ्याण्णव पायऱ्या मोजल्या. वडिलांच्या मोजणीप्रमाणें त्या शंभर भरतात. दोघांचा वाद अजून मिटलेला नाहीं.