पंच गावातलाच असतो

‘कार्टून’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्राचं पान येतं, रंगमंच येत नाही. छत्तीसगडच्या रायपूरला तर हा शब्द विशेष ओळखीचा आहे. केवळ व्यंगचित्रांना वाहिलेलं ‘कार्टून वॉच’ हे मासिक १९९६ पासून तिथूनच निघतं. पण या चित्रांचं कूळ शोधत मागे गेलं, की छापखान्याआधी बाहुल्यांचा खेळ लागतो. इटलीच्या मुखवटा-नाटकांत पुल्चिनेल्ला नावाचं बाकदार नाकाचं, पोक आलेलं पात्र होतं. त्याच्या बाहुल्यांचा खेळ सॅम्युअल पीप्सनं ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पाहिला आणि रोजनिशीत नोंदवला. इंग्लंडात हाच पुल्चिनेल्ला पुढे ‘पंच’ झाला, आणि १७ जुलै १८४१ रोजी सुरू झालेल्या विनोदी साप्ताहिकानं त्याचंच नाव घेतलं. दोन वर्षांनी, पार्लमेंटच्या नव्या इमारतीच्या भिंतींवर रंगवायच्या चित्रांचे आराखडे वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये मांडले गेले. अशा आराखड्याला तेव्हा ‘कार्टून’ म्हणत. मूळ इटालियन शब्द जाड कागदाचा. शहरात लोक उपाशी असताना चाललेल्या या थाटावर जॉन लीचनं ‘पंच’मध्ये चित्र काढलं आणि त्यावर ‘कार्टून क्रमांक १’ असा मथळा पडला. शब्दाचा आजचा अर्थ तिथून सुरू होतो.

नाव बाहुलीचं होतं, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. ‘पंच’चे पहिले संपादक हेन्री मेह्यू आणि मार्क लेमन यांनी नाटकं लिहिली होती. नंतरचा शर्ली ब्रूक्सही नाटककार. १८७४ साली संपादक झालेल्या टॉम टेलरचं नाटक पाहत असतानाच अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच्या पाठोपाठ आलेला एफ. सी. बर्नांड १९०६ पर्यंत संपादक होता आणि त्याची हयात प्रहसनं लिहिण्यात गेली होती. चित्रकारांचंही तेच. ‘पंच’मधली इब्सेनच्या नाटकांची विडंबनं १८९३ साली पुस्तकरूपानं आली. त्यांची चित्रं काढणारा बर्नार्ड पार्ट्रिज पुढच्याच वर्षी जॉर्ज बर्नार्ड शॉच्या ‘आर्म्स अँड द मॅन’ नाटकात, वेगळ्या नावानं, सर्जियसची भूमिका करत होता. मॅक्स बिअरबोमनं १८९८ मध्ये ‘सॅटर्डे रिव्ह्यू’त नाट्यसमीक्षकाची जागा शॉकडून घेतली; तो अर्कचित्रकारही होता, आणि नामांकित नट-व्यवस्थापक हर्बर्ट बिअरबोम ट्री त्याचा सावत्र भाऊ. म्हणजे व्हिक्टोरियन काळात नाटकवाल्यांची आणि समीक्षकांची टर उडवणारा बहुतेकदा त्यांच्याच घरातला होता. आपल्याकडे हे नाव मुंबईच्या ‘हिंदी पंच’नं आणि ठाण्याच्या ‘हिंदुपंच’नं घेतलं. नागपुरात जन्मलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नाटककार, नाट्यसमीक्षक आणि विनोदकार अशा तिन्ही नात्यांनी रंगभूमीशी बांधलेले होते, तेही याच वळणानं.

घरातल्यानंच टर उडवावी, यावर पहिला आक्षेप सरळ आहे. मराठी कानाला ‘पंच’ या नावात निवाडा करणारा पंच ऐकू येतो, आणि निवाडा करणारा तटस्थ हवा. घरातला माणूस आपल्यांना सांभाळून घेणार, प्रतिस्पर्ध्याला ओरबाडणार. ही भीती खरी आहे. पण गावचा पंच परगावाहून आणलेला नसतो. कुठला बांध कोणी सरकवला हे त्याला ठाऊक असतं, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. आतली माहिती नसताना काढलेलं व्यंगचित्र कसं होतं, याचा पुरावा ‘पंच’नंच ठेवला आहे. २२ ऑगस्ट १८५७ च्या अंकात जॉन टेनिएलनं हिंदुस्थानचा उठाव म्हणजे बाईलेकरावर चढलेला वाघ आणि त्यावर झेपावणारा ब्रिटिश सिंह असा रंगवला. त्या वर्षीच १० डिसेंबरला रायपुरात सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना मृत्युदंड दिला गेला. दुष्काळात त्यांनी व्यापाऱ्याच्या कोठारातलं धान्य भुकेल्यांना वाटलं होतं. भुकेल्यांची बाजू घेऊन पहिलं कार्टून काढणाऱ्या साप्ताहिकाला ही भूक दिसली नाही, कारण ती परक्या मुलखातली होती. आपल्या नाटकांवर हसताना नेमकेपणा दाखवणारा ‘पंच’ इथे सूड मागत होता.

दुसरा आक्षेप असा की लंडनच्या या कुळाशी छत्तीसगडचं काय नातं? रक्ताचं नातं इथे सांगायचं नाही. नियम एकच आहे, एवढंच सांगायचं आहे. छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्यात परी (स्त्रीवेशातला नट) आणि जोक्कड (विदूषक) रात्र जागवतात, त्यातल्या विनोदी प्रवेशाला ‘गम्मत’ म्हणतात, आणि विदर्भात याच नावाची ‘खडी गंमत’ उभी आहे. सावकाराची, पुरोहिताची नक्कल करणारा जोक्कड समोर बसलेल्यांच्याच गावातला असतो. रायपूरचे हबीब तनवीर (१९२३–२००९) या परंपरेकडे दोन वाटांनी आले: मुंबईत त्यांनी चित्रपटसमीक्षा लिहिली, लंडनमध्ये नाट्यशिक्षण घेतलं. १९५८ साली ‘मिट्टी की गाड़ी’त त्यांनी नाचाचे कलावंत उभे केले. पण आखून दिलेल्या हालचालींत आणि हिंदी भाषेत हे कलावंत आखडत. आपली रीतच चुकते आहे हे तनवीरांना पुढे उमगलं. १९७३ मध्ये रायपूरच्या नाचा कार्यशाळेत कलावंतांनी आपल्या बोलीत, आपल्या रचनेत खेळ बांधला, आणि १९७५ चं ‘चरणदास चोर’ त्याच वाटेवर उभं राहिलं. बाहेरून आलेल्या समीक्षकानं नाचाला नावं ठेवली असती आणि तो निघून गेला असता. घरातल्या समीक्षकाला नटांच्या आखडलेल्या अंगात आपली चूक दिसली. घरातल्या पंचाचा निवाडा खरा कधी ठरतो, याची कसोटी एवढीच: तो त्याला स्वतःलाही लागू झाला पाहिजे.